मशीनचं नाक साफ केलं का?

दादाने पुण्याहून रोबोट व्हॅक्यूम आणला, तेव्हा आई म्हणाली, "येरमाळ्याच्या धुळीपुढं हे किती दिवस टिकणार?" जवळच सोलापूर-धुळे हायवे, त्यात सोयाबीनची रास सुरू. महिन्याभरात मशीन नुसतंच फिरायला लागलं, कचरा तसाच. आजीला दमा, म्हणून तर आणलेलं!

मोटर ठीक होती, फिल्टर गच्च झालेला. मी ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मागवला. तो खाचेत ढिला बसला आणि आजीचा खोकला पुन्हा सुरू. हवा वाट मिळेल तिथून जाते. कडेला फट राहिली, की बारीक धूळ न गाळताच परत खोलीत!

म्हणून आधी मॉडेल नंबर जुळवा, कडेची रबराची किंवा फोमची पट्टी बघा. नुसत्या 'हेपा टाइप'ला भुलू नका, 'एच १३' असा दर्जा लिहिलाय का ते पाहा. या दर्जाचा फिल्टर पकडायला सर्वांत अवघड असलेले कणही किमान ९९.९५ टक्के अडवतो.

'वॉशेबल' लिहिलं नसेल तर पाणी लावू नका. अंगणात, तोंडाला रुमाल बांधून हलकेच झटका. धुण्याचा असेल तर पुरते २४ तास वाळवा. ओला बसवला तर कुबट वास ठरलेला.

कंपन्या साधारण दोन-तीन महिन्यांनी फिल्टर बदला म्हणतात. राशीच्या दिवसांत आमच्याकडे तेवढं थांबून चालत नाही. त्यामुळे कॅलेंडर नको, फिल्टर बघा. मी विसरलेच, तर दर रविवारी आजी विचारतेच, "मशीनचं नाक साफ केलं का गं?"