पहिली टेस्ला कॉइल कोणती बनवावी?

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना नंबर आणि नावं निसटतात, म्हणून सगळं इथे उतरवून देतोय.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. मुलगी अकरावीत आहे, तिला विज्ञान प्रदर्शनासाठी टेस्ला कॉइल करायची आहे. व्हिडिओ बघून भंगारवाल्याकडून मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणलाय. "पुढे काय करू?" असा प्रश्न. माझं उत्तर सोपं आहे: तो ट्रान्सफॉर्मर परत देऊन टाका. कॉइल मात्र नक्की करा. आता का आणि कोणती, ते बघू.

निकोला टेस्लाने ही कॉइल १८९१ मध्ये तयार केली. मूळ कल्पना झोपाळ्यासारखी आहे. झोका योग्य क्षणी हलकासा ढकलत राहिलात, की थोड्या जोरातच तो उंच जातो. इथे झोपाळा म्हणजे पाइपवर गुंडाळलेली शेकडो वेढ्यांची बारीक तार, म्हणजे सेकंडरी. आणि ढकलणारा हात म्हणजे तिच्या बुडाशी असलेले जाड तारेचे तीन-चार वेढे, ती प्रायमरी. ढकलायची वेळ जुळली, की वरच्या टोकाला व्होल्टेज प्रचंड वाढतं. याला अनुनाद म्हणतात, इंग्रजीत रेझोनन्स.

ढकलायचं कसं, यावरून कॉइलचे प्रकार पडतात. पहिला, स्पार्क गॅपचा. टेस्लाचा मूळ प्रकार हाच. ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरतो, फटीत ठिणगी पडते, आणि साठलेली ऊर्जा एकदम प्रायमरीत जाते. दुसरा, सॉलिड स्टेट. ठिणगीच्या जागी मॉस्फेट किंवा आयजीबीटी येतात. गाणी वाजवणाऱ्या मोठ्या कॉइल्स याच घराण्यातल्या. आणि तिसरा, सगळ्यात साधा: एका ट्रान्झिस्टरवर चालणारा 'स्लेयर एक्सायटर'.

नवशिके निवड करताना बघतात ठिणगीची लांबी. मी म्हणतो, आधी वीज कुठून येते ते बघा. स्वतःला एकच प्रश्न विचारा: चुकून नको तिथे हात लागला, तर काय होईल?

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण २००० व्होल्ट बाहेर पडतात, आणि करंट अर्धा अँपियर किंवा त्याहून जास्त मिळू शकतो. हृदयातून ०.१ अँपियर गेला तरी माणूस दगावू शकतो. अनेकांना वाटतं, घरात आरसीसीबी बसवलाय, तो ट्रिप होईल. नाही होणार. आरसीसीबी बघतो फेज आणि न्यूट्रलमधला फरक, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तुम्ही चिकटलात तरी अलीकडे तो फरक पडत नाही. त्याच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. अमेरिकेत लाकडावर विजेची नक्षी जाळायच्या छंदात याच ट्रान्सफॉर्मरने अनेकांचे जीव घेतलेत.

निऑन पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर त्या मानाने बरा म्हणतात, कारण त्याचा करंट बहुधा ३० मिलीअँपियरच्या आसपास मर्यादित असतो. पण व्होल्टेज ९ ते १५ हजार, म्हणजे तोही खेळणं नाही. शिवाय स्पार्क गॅपमधला कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो. "हाय फ्रिक्वेन्सीचा शॉक लागत नाही" हे ऐकलं असेल, तर विसरा. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला आपली घरचीच ५० हर्ट्झची वीज असते, आणि हाय फ्रिक्वेन्सीने भाजतं.

मग मॉस्फेटवाली? ती छान आहे, पण दुसरा प्रोजेक्ट म्हणून. चांगल्या ठिणग्यांसाठी ती बहुतेक वेळा मेन्सवर चालवतात, आणि जरा चूक झाली की मॉस्फेट फटाक्यासारखा फुटतो.

म्हणून पहिली कॉइल स्लेयर एक्सायटर. ९ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक एलईडी आणि तार. बहुतेक चुकांची किंमत काय? एक ट्रान्झिस्टर.

आता सामान. ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, साधारण १५ सेंटीमीटर लांब. ३४ गेजची वार्निशवाली तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. पाइपवर १० सेंटीमीटर भरेल इतके, म्हणजे सुमारे ४०० वेढे घ्या. त्याला ४० मीटर तार लागते, वजनात जेमतेम १५ ग्रॅम. वेढे एकमेकांना चिकटून, पण एकावर एक चढू न देता. बाकीचे पार्ट्स पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतील.

ट्रान्झिस्टर बीडी१३९ किंवा टूएन२२२२ घ्या. टीआयपी३१ वापरलेले व्हिडिओ भरपूर आहेत, पण आपली कॉइल दोन-तीन मेगाहर्ट्झला डोलते आणि तो ट्रान्झिस्टर तिथपर्यंत पोचता पोचता दमतो. बीडी१३९ आरामात पोचतो.

जोडणी अशी. प्रायमरीचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कलेक्टरला. एमिटर मायनसला. प्लस आणि बेसमध्ये २२ किलोओहमचा रेझिस्टर. सेकंडरीचं खालचं टोक बेसला, वरचं मोकळं. तारेच्या टोकाचं वार्निश पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर जोड लागणारच नाही. एलईडी बेस आणि एमिटरमध्ये उलटा, म्हणजे त्याचा प्लस पाय एमिटरकडे. बेस मायनसच्या फार खाली गेला तर ट्रान्झिस्टर खराब होतो, तो एलईडी ते अडवतो.

गंमत बघा. रेझिस्टर ट्रान्झिस्टरला जागा करतो, प्रायमरीत करंट वाहतो, सेकंडरी हलते आणि तिचं खालचं टोक बेसला खाली ओढून ट्रान्झिस्टर बंद करतं. झोका परत आला की तो पुन्हा चालू. म्हणजे "आता ढकल" हे झोपाळाच हाताला सांगतो. स्पार्क गॅपमध्ये दोन्ही बाजूंची फ्रिक्वेन्सी आपल्याला जुळवत बसावी लागते, इथे ती आपोआप जुळते. नवशिक्यासाठी हा प्रकार सोपा, तो याचमुळे.

चालू झाली नाही, तर आधी प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा. बहुतेक वेळा तेवढंच असतं. मग जुना सीएफएल जवळ न्या, तारेशिवाय उजळेल. सर्किट जळालेला असला तरी चालतो, फक्त काच फुटलेली नको, आत पारा असतो. एलईडी बल्ब मात्र असा पेटणार नाही, कारण त्यात उजळायला वायूच नाही. शेजारी एएम रेडिओ लावलात तर खरखरही ऐकू येईल.

फूटभर ठिणगीची अपेक्षा ठेवू नका. दिसलीच तर मिलिमीटरभर. वरच्या टोकाला बोट लावू नका, बारीक चटका बसतो. ट्रान्झिस्टर तापतो, म्हणून अर्धा-एक मिनिट चालवून थांबा. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नका, मोबाइलही लांब ठेवा.

आणि प्रदर्शनात परीक्षक विचारतील, "हे चालतं कसं?" लांब ठिणगीपेक्षा त्या उत्तराला जास्त मार्क असतात. हे सर्किट पाच मिनिटांत कागदावर काढून समजावता येतं.

पुढच्या भागात मॉस्फेटच्या कॉइलकडे वळू. तोपर्यंत वेढे मोजा, आणि अडलं तर सर्किटचा फोटो पाठवा.