कंपनीच्या अहवालात आपल्या गावाचं काय लिहिलंय?



आजचा विषय ऐकायला जरा दूरचा वाटेल. मोठ्या कंपन्या दरवर्षी एक शाश्वतता अहवाल काढतात. तो तयार करताना त्या लोकांच्या बैठका, कार्यशाळा, चर्चासत्रं घेतात. त्याविषयी आज बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या हिंगोली जिल्ह्यात मोठे कारखाने ते किती, आणि बचत गटातल्या बाईचा त्या अहवालाशी संबंध काय? पण घरातला साबण, मोबाईलचं रिचार्ज, गटाचं स्टेट बँकेतलं खातं, शेतात मारायचं औषध, हे सगळं बहुतेक अशाच कंपन्यांकडून येतं. आपली हळद आणि सोयाबीन व्यापाऱ्याच्या हातून फिरत फिरत अशाच कंपन्यांकडे जातं. कंपनीच्या माणसाने बैठकीत आपली सही घेतली, तर तिची नोंद या अहवालापर्यंत पोचू शकते. म्हणून हा विषय आपण समजून घ्यायचा.

अहवाल म्हणजे काय

आपल्या गटाचं उदाहरण घेऊ. पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. वहीवरून गटात किती पैसे आले, किती गेले हे कळतं. पण कर्ज घेतलेल्या बाईच्या घरी काय बदललं, ते पैशाच्या वहीत दिसत नाही. त्यासाठी वेगळं विचारावं लागतं.

कंपनीचंही तसंच आहे. ताळेबंदात नफा-तोटा कळतो. तो नफा मिळवताना पाणी किती उपसलं, घाण कुठे सोडली, मजुरांना काय दिलं, अपघात किती झाले, बायकांना काम किती मिळालं, हे त्यात नसतं. हे सगळं सांगणारा अहवाल तो शाश्वतता अहवाल.

आपल्या देशात याची सुरुवात हळूहळू झाली. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ साली जबाबदार व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या १०० मोठ्या कंपन्यांना त्यावर अहवाल द्यायला सांगितलं. पुढे संख्या वाढत गेली. मे २०२१ मध्ये सेबीने नवा नमुना आणला. त्याचं नाव बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, थोडक्यात बीआरएसआर. २०२२-२३ या वर्षापासून तो शेअर बाजारातल्या सर्वात मोठ्या १००० कंपन्यांना सक्तीचा झाला. त्यात नऊ तत्त्वं आहेत आणि प्रत्येक तत्त्वाखाली ठरलेले प्रश्न आहेत. प्रश्न तेच असल्यामुळे दोन कंपन्यांची उत्तरं शेजारी ठेवून पाहता येतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. हा नियम फक्त शेअर बाजारात नाव असलेल्या मोठ्या कंपन्यांना आहे. सहकारी साखर कारखाना, वीटभट्टी, जिल्हा बँक, ग्रामीण बँक, गावातली खासगी मिल यांना हा अहवाल द्यावा लागत नाही. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. त्यामुळे कारखान्याच्या ऑफिसात जाऊन बीआरएसआर मागू नका. पण त्या कारखान्याची साखर घेणारी कंपनी शेअर बाजारातल्या त्या १००० कंपन्यांपैकी असेल, तर तिने तो दिलेला असतो.

भागधारक वेगळा, हितधारक वेगळा

हे दोन शब्द सारखे वाटतात, त्यामुळे गोंधळ होतो. भागधारक म्हणजे ज्याने कंपनीचे शेअर विकत घेतले तो. त्याचा पैसा गुंतलेला असतो. हितधारक म्हणजे कंपनीच्या कामाने ज्याचं बरंवाईट होतं असा कोणीही. कामगार, माल देणारा शेतकरी, ग्राहक, कारखान्याच्या खालच्या अंगाला नदीचं पाणी भरणारी बाई, हे सगळे हितधारक. शेअर नसला तरी तिचा संबंध आहे, हे या नियमांनी मान्य केलं आहे.

नऊ तत्त्वांपैकी चौथं तत्त्व पूर्ण याच विषयावर आहे. सगळ्या हितधारकांच्या हिताचा मान राखावा आणि त्यांना प्रतिसाद द्यावा, असं ते सांगतं. त्याखाली कंपनीला एक तक्ता भरावा लागतो. हितधारकांचा गट कोणता? तो दुर्बल आणि वंचित आहे का, हो की नाही? त्यांच्याशी बोलता कसं: पत्रकाने, एसएमएसने, गावबैठकीने, सूचना फलकावर? वर्षातून किती वेळा बोलता? कशाबद्दल बोलता, आणि त्यांनी कोणते मुद्दे मांडले?

आणखी एका तक्त्यात तक्रारी विचारल्या आहेत. आजूबाजूच्या गावांनी वर्षभरात किती तक्रारी केल्या, त्यातल्या वर्षअखेर किती शिल्लक राहिल्या, हा आकडा द्यावा लागतो. आता लक्षात घ्या, आपण तोंडी बोललो आणि घरी आलो, तर ती तक्रार त्या रकान्यात येईलच असं नाही. तिथे शून्य लिहिलं जाऊ शकतं. म्हणून तक्रार लेखी द्यायची, तारीख टाकायची आणि पोच घ्यायची.

कार्यशाळेत काय घडतं

अहवालात कोणते विषय महत्त्वाचे धरायचे, हे ठरवण्यासाठी कंपन्या बैठका आणि कार्यशाळा घेतात. बहुतेक वेळा बाहेरची सल्लागार संस्था हे काम करते. पाणी, मजुरी, सुरक्षितता, कचरा, शिक्षण अशी यादी समोर ठेवतात आणि विचारतात, यातलं तुम्हाला सर्वात महत्त्वाचं काय वाटतं? उत्तरांवरून मुद्दे वर-खाली लावले जातात. वर गेलेल्या मुद्द्यावर पुढे काम होण्याची शक्यता जास्त. खाली गेलेला मुद्दा मागे पडतो.

म्हणून खरा प्रश्न असा, की बैठकीला बोलावलं कोणाला? सरपंच, दुकानदार, बागायतदार आणि गटाच्या दोन अध्यक्षा आल्या, तर पाण्याचा मुद्दा वर जाईल. तो खोटा नाही. पण कळमनुरी, सेनगावकडच्या ज्या बायका दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांचं काय? जानेवारीत गावात बैठक घेतली तर त्यांच्या घराला कुलूप असतं. कागदावर मात्र 'गावकऱ्यांशी चर्चा झाली' असं येतं.

ऊसतोडीच्या बायकांचंच उदाहरण का, तेही सांगतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा केला की पैसे कापले जातात, फडावर संडास नाही, डोक्यावर उचल आहे. या सगळ्यातून ती वेळ येते हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्राने महाराष्ट्रातल्या साखरेवर मोठा शोधलेख छापला. उचल, बालविवाह आणि गर्भपिशवीच्या शस्त्रक्रिया यांचा संबंध त्यांनी कोकाकोला आणि पेप्सिको या शीतपेय कंपन्यांच्या साखरखरेदीशी जोडून दाखवला.

बाटलीतल्या साखरेपासून फडातल्या कोयत्यापर्यंत साखळी मोठी आहे. वर कंपनी, खाली कारखाना, मग मुकादम, मग टोळी. वरच्याने खालच्याला फॉर्म पाठवायचा, खालच्याने 'सगळं ठीक' लिहून द्यायचं, असं झालं तर अहवाल छान दिसतो आणि फडात काही बदलत नाही. फडातल्या बाईला तिच्या भाषेत, मुकादम शेजारी उभा नसताना कोणी विचारलं, तरच खरं बाहेर येतं. हितधारकांशी बोलणं हा नुसता कार्यक्रम न राहण्यासाठी एवढं तरी व्हायला हवं.

बैठकीचं बोलावणं आलं तर

आम्ही गटांना पुढच्या गोष्टी सांगतो.

एक. बोलावणाऱ्याला आधी विचारा: कोणत्या कंपनीसाठी, कोणत्या विषयावर, आणि आमचं बोलणं कुठे लिहिलं जाणार? उत्तर लेखी मागा.

दोन. वेळ आपल्याला सोयीची मागा. खुरपणीच्या, सोयाबीन काढणीच्या किंवा हळद शिजवण्याच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण येणार? ऊसतोडीची माणसं परत आल्यावर, एप्रिल-मे मध्ये एक बैठक वेगळी घ्यायला सांगा.

तीन. भूमिहीन, एकल आणि तांड्यावरच्या, वाडीवरच्या बायकांना सोबत न्या. मिश्र बैठकीत त्या बोलत नसतील तर बायकांची वेगळी बैठक मागा. ही मागणी अवाजवी नाही. दुर्बल गट कोणते आणि त्यांच्याशी बोलता कसं, हा तर अहवालातलाच प्रश्न आहे.

चार. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नको. हजेरीच्या कागदावर वरती विषय आणि तारीख लिहिलेली आहे का ते बघा. हजेरी म्हणजे मान्यता नव्हे, हे तिथेच बोलून दाखवा आणि इतिवृत्तात लिहायला लावा.

पाच. आपली वही सोबत ठेवा. कोण काय बोललं, कंपनीच्या माणसाने काय कबूल केलं आणि कधीपर्यंत, हे सचिवाने लिहायचं. शेवटी वाचून दाखवायचं. त्यांच्या इतिवृत्ताची प्रत मागायची.

सहा. पुढच्या वर्षी अहवाल आला की तपासा. तो कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुला असतो. इंग्रजीत असतो, ही अडचण खरी. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीला चौथ्या तत्त्वाची दोन पानं आणि तक्रारींचा तक्ता शोधून वाचायला सांगा. अहवालाच्या सुरुवातीलाच, शंका असल्यास कोणाला विचारायचं त्या अधिकाऱ्याचं नाव, फोन आणि ईमेल देणं बंधनकारक आहे. पत्र त्या नावाने पाठवा.

तीन गोष्टींची गल्लत नको

कंपनीची कार्यशाळा, जनसुनावणी आणि सीएसआर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

जनसुनावणी हा कायद्याचा भाग आहे. पर्यावरण मंजुरी लागणारे अनेक मोठे प्रकल्प येण्याआधी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, आणि झालेलं बोलणं स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. कंपनीने गावात जेवणासह कार्यशाळा घेतली म्हणून जनसुनावणी झाली असं होत नाही.

सीएसआर म्हणजे नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, वर्षाला ५ कोटी नफा किंवा १००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींचं निव्वळ मूल्य असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची. ती कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदा म्हणतो. जिल्ह्यात किती खर्च झाला हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर पाहता येतं. बीआरएसआरमध्ये केंद्राने जाहीर केलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत किती सीएसआर केलं, हा वेगळा प्रश्न आहे. आपल्या शेजारचा वाशीम त्या यादीत आहे, हिंगोली नाही. म्हणजे त्या रकान्यासाठी आपल्याकडे कोणी आपणहून येणार नाही. प्रस्ताव आपल्यालाच न्यावा लागेल. पण शाळेला संगणक दिला म्हणून नदीत सोडलेल्या पाण्याचा प्रश्न मिटत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याही वहीला भाव आहे

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मसाल्याच्या मोठ्या कंपन्या आता माल घेताना शेतकरी कंपन्यांना विचारू लागल्या आहेत: औषध कोणतं आणि कधी मारलं, कामावर मुलं होती का, मजुरी किती दिली? कारण त्यांना वर उत्तर द्यायचं असतं. ज्या गटाकडे फवारणीची आणि मजुरीची नोंद आहे, तो गट या बोलणीत मजबूत राहतो.

इथे आपल्यालाही आरशात बघावं लागेल. हळद काढताना, शिजवताना, वाळवताना बाईची आणि गड्याची मजुरी आपल्याच शिवारात वेगळी असते. आपण कंपनीला विचारणार असू, तर गटाच्या शेतकरी कंपनीतही हा प्रश्न सभेत यायला हवा.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक विषय वाढवा. गावातल्या कोणाच्या कामाने आपलं बरंवाईट होतं, त्या कंपन्यांची, कारखान्यांची यादी करा. आपल्या गटात आणि गटाबाहेर अशा कोणत्या बायका आहेत ज्यांना आजवर कुठल्याच बैठकीला बोलावलं नाही, त्यांची नावं शेजारी लिहा. ती यादी ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवा. पुढे कोणी हजेरीचा कागद घेऊन आलं, तर आधी ही यादी त्यांच्या हातात द्यायची. सह्यांचं नंतर बघू.