ग्रंथपालाच्या शिकण्याचे तास

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरहून खामगावकडे निघाले की वाटेत जानेफळ लागते. आजूबाजूच्या खेड्यांची बाजारहाटाची, बँकेची, शाळेची कामे ज्या गावात उरकतात, अशा गावांपैकी हे एक. अशा गावातल्या वाचनालयाबद्दल आपण गेली वीसेक वर्षे ठरावीक चौकशी करत आलो आहोत. संगणक आला का? नेट आहे का? ई-पुस्तके ठेवता का? या चौकशीत तिथे बसणारा माणूस कुठेच येत नाही. सकाळी कुलूप उघडणारा, वर्तमानपत्रे टेबलावर मांडणारा, दाखलनोंद वहीत पुस्तक चढवणारा, देवघेव सांभाळणारा आणि तपासणीच्या दिवशी सगळ्या वह्या पुढे करणारा हा माणूस नवी साधने कधी शिकतो, कोणाच्या वेळात शिकतो आणि आधी काय शिकतो, याची विचारपूस होत नाही. माझे म्हणणे असे, की शिकणे हे ग्रंथपालाचे कामच मानून ते त्याच्या पगारी तासांत बसवले पाहिजे. त्याची सुरुवात मराठी पुस्तकाची नोंद नीट करण्यापासून झाली पाहिजे. हे दोन्ही जमले नाही तर यंत्रे येतील, धूळ खातील आणि बदलली जातील.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या ग्रंथालयांची घडण आधी लक्षात घ्यावी लागते. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याने शासकीय ग्रंथालयांचे जाळे गावापर्यंत नेले नाही. लोकांनी संस्था काढावी, ती चालवावी आणि शासनाने तिला मान्यता देऊन अनुदान द्यावे, असा मार्ग धरला. शेजारच्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्याने ग्रंथालय कर बसवून शासकीय यंत्रणा उभी केली. आपल्याकडे कर नाही. आपल्या मार्गाचा मोठा गुण म्हणजे ग्रंथालय गावाचे राहिले. दोष असा, की तिथला कर्मचारी ना धड शासनाचा, ना धड संस्थेचा. नेमणूक कार्यकारी मंडळाची, पगार अनुदानातून आणि तपासणी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याची. त्याला संगणक शिकवणे कोणाचे काम, हे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शासनाच्या लेखी तो संस्थेचा नोकर. संस्थेच्या लेखी, अनुदानात बसेल तेवढेच करायचे.

आणि अनुदानात किती बसते? २०२२ साली शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपये झाले. तालुका-जिल्हा दर्जा नसलेल्या ‘क’ वर्गाचे ९६,००० वरून १,५३,६०० झाले. यातला साधारण निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे ‘ड’ वर्गातल्या ग्रंथपालाच्या हातात त्या वाढीनंतरही महिन्याला दोन हजारांच्या आसपास रक्कम आली. ‘क’ वर्गात ती सहा हजार चारशेच्या आसपास भरली आणि हाताखाली कोणी असेल तर तीही वाटून घ्यायची. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींची मागणी जुनी आहे. त्यासाठी समित्या बसल्या, पत्की समितीच्या शिफारशींचा उल्लेख कर्मचाऱ्यांच्या निवेदनांत आजही असतो. या आकड्यांकडे पाठ फिरवून ‘ग्रंथपालाने काळाबरोबर चालले पाहिजे’ असे व्यासपीठावरून सांगणे मला अन्यायाचे वाटते. ज्याला दुपारी शेतात किंवा दुकानात उभे राहावे लागते, तो रात्री घरी स्वतःच्या डेटावर सॉफ्टवेअर शिकेल, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

ग्रंथालय उघडणे आणि ग्रंथालयातला माणूस घडवणे ही एकाच वेळी करायची कामे आहेत, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. भारतातला अशा तऱ्हेचा तो पहिला प्रयत्न मानला जातो. खेड्यांकडे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या निघाल्या आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघू लागले. तालिका कशी करावी, पुस्तके कशी लावावीत, हे त्या काळचे नवे तंत्रच होते. संस्थानाने ते माणसांना शिकवले आणि त्याचा खर्च उचलला. आपला वऱ्हाड मात्र त्या वेळी मध्य प्रांताला जोडलेला होता आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हता. फैजी समितीने १९४० मध्ये मुंबई प्रांतासाठी ग्रंथालयांची जी पायरीपायरीची योजना सुचवली, तिच्या हद्दीबाहेर बुलढाणा राहिला. आपल्या भागाचा हा उशीर भरून काढायचा तर माणसापासूनच सुरुवात करावी लागेल.

ऑनलाइन साधने शिकवण्याच्या बाबतीत जगात सगळ्यात जास्त अनुकरण झालेला प्रयोग अमेरिकेत झाला. २००६ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोटी कामे आखली. एखादे नवे साधन उघडून बघायचे, त्यात एखादी गोष्ट स्वतः करून बघायची, काय जमले आणि काय नाही ते लिहून ठेवायचे. परीक्षा नव्हती आणि वर्गही नव्हता. पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर मिळत असे. पुढे कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी ही आखणी उचलली. त्यातली साधने आज बहुतेक कालबाह्य झाली आहेत आणि त्यामुळेच प्रयोगाचे मर्म उघडे पडते. टिकली ती पद्धत: थोडे, रोजच्या कामाच्या ओघात आणि वरिष्ठांच्या संमतीने. आपल्याकडची रीत नेमकी उलट आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाची कार्यशाळा होते. दीपप्रज्वलन, सत्कार, मान्यवरांची भाषणे, दुपारी जेवण आणि उरलेल्या दीड-दोन तासांत पडद्यावर एका सॉफ्टवेअरची ओळख. जानेफळसारख्या गावातून गेलेला कर्मचारी संध्याकाळच्या एसटीने परततो तेव्हा पिशवीत प्रमाणपत्र असते. दुसऱ्या दिवशी पहिली अडचण आली की विचारायला कोणी नसते.

शिकण्याचे पगारी तास मिळाले तर त्यांत आधी काय शिकायचे? अनेकांच्या मते ई-पुस्तके, समाजमाध्यमे, नाहीतर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने. मी म्हणेन, नोंद. त्याचे कारण अगदी जवळच्या उदाहरणाने सांगता येते. ना. घ. देशपांडे हे मेहकरचे कवी. त्यांचा ‘शीळ’ हा कवितासंग्रह १९५४ चा, पुढे ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जानेफळच्या पंचक्रोशीतल्या कोणत्याही ग्रंथालयाने अभिमानाने मिरवावे असे हे नाव. आता हेच नाव एका ठिकाणी ‘ना. घ. देशपांडे’, दुसरीकडे बिंदूंमधली जागा गाळून ‘ना.घ. देशपांडे’ आणि तिसरीकडे ‘देशपांडे, नागोराव घनश्याम’ असे चढवले, तर संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. वाचकाने एक नाव शोधले की बाकीची पुस्तके दिसत नाहीत. कपाटासमोर उभ्या असलेल्या जुन्या ग्रंथपालाला हे तिन्ही एकच हे सांगावे लागत नव्हते, यंत्राला सांगावे लागते. बरे, इंग्रजी पुस्तकासारखी मागच्या पट्टीवर यंत्र फिरवून तयार नोंद ओढून घ्यावी, तर १९५४ च्या पुस्तकावर आयएसबीएन असण्याचा प्रश्नच नाही. ती पद्धत १९७० च्या सुमाराला आली. गावच्या कपाटातली जुनी मराठी पुस्तके कोणीतरी हातानेच चढवायची आहेत.

याहून बारीक अडचण लिपीची आहे. अनेक ग्रंथालयांनी वीसेक वर्षांपूर्वी हौसेने पुस्तकांच्या याद्या टाइप करून घेतल्या, त्या श्रीलिपी, आकृती किंवा तशाच फाँटमध्ये. डोळ्यांना ती देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची चिन्हे. तो फाँट नसलेल्या संगणकावर यादी उघडली की निरर्थक अक्षरांची रांग उमटते आणि शोध तर चालतच नाही. ही यादी युनिकोडमध्ये बदलता येते, पण बदलल्यावर एकेक ओळ तपासायला मराठी वाचणारा माणूस लागतोच. युनिकोडमध्येही सगळे सरळ नाही. आपल्या प्रदेशाचेच नाव घ्या. ‘वऱ्हाड’ मधला आडवा रफार दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकासाठी मात्र हे दोन वेगळे शब्द, आणि वऱ्हाडच्या इतिहासावरची पुस्तके शोधणाऱ्याला अर्धीच सापडतात. कोणत्या कळफलकाने लिहायचे हे एकदा ठरवून सर्वांनी तेच पाळले तर ही अडचण संपते. पण ते ठरवायला आणि शिकवायला वेळ लागतो, आणि विषय फिरून शिकण्याच्या तासांवरच येतो.

सॉफ्टवेअर महाग असल्याने नोंदींचे काम थांबले आहे, असे म्हणता येणार नाही. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे ई-ग्रंथालय आहे, मोफत मिळणारी कोहा ही प्रणाली आहे. कोहाचा जन्म तर आपल्यासारख्याच गरजेतून झाला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखेच्या घोळात बंद पडणार होती आणि नवी विकत घेणे परवडत नव्हते. छोट्या शाखा टेलिफोनच्या तारेवरून जोडायच्या होत्या. म्हणून वेबवर चालणारी प्रणाली बनवून घेतली, ३ जानेवारी २००० ला ती सुरू झाली आणि सर्वांसाठी मोफत खुली करण्यात आली. आज मोठमोठी विद्यापीठे ती वापरतात. लहान गावाच्या ग्रंथालयातून मोठ्यांना घेण्यासारखे काही निघू शकते, याचा हा धडधडीत पुरावा. पण तिथे ग्रंथपाल आणि प्रणाली बनवणारे शेजारी बसून काम करत होते, हे विसरता कामा नये.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी लोकांचा असतो. वाचकाच्या खिशात फोन आहे, तो ग्रंथपालाला कशाला विचारेल? मला वाटते, फोन आल्यानेच ग्रंथपालाची गरज वाढली आहे. मराठी विश्वकोशाचे खंड नेटवर मोफत आहेत, साहित्य संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तके आहेत, १८७० साली लायलने संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटिअरही स्कॅन होऊन पडले आहे. मेहकर किंवा लोणारबद्दल प्रकल्प करणाऱ्या जानेफळच्या विद्यार्थिनीला हे कोण सांगणार? तिच्या फोनवर येतात ती व्हॉट्सॲपवरून फिरणारी, कोणी तरी चोरून स्कॅन केलेली पुस्तके. इथेही जाणकार माणूस हवा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांना खुले आहे. ना. घ. २००० साली गेले, त्यांच्या कविता २०६० सरेपर्यंत खुल्या होत नाहीत. हा फरक ज्या ग्रंथपालाला कळतो, तो वाचकाला निर्धास्तपणे एक पुस्तक उतरवून देतो आणि दुसरे कपाटातून काढून देतो.

याच ओघात एक धोका बोलून दाखवतो. नेट आले की ग्रंथालयाकडून भरतीचे अर्ज भरून घेण्याची मागणी येते. मुलांची निकड खरी असते आणि त्यांना अर्ज कसा भरायचा हे दाखवणे ग्रंथालयाला शोभणारेच आहे. पण ग्रंथपालाने दुसऱ्याचा ओटीपी, आधार क्रमांक, पासवर्ड हाती घेऊ नये. शिकवावे, शेजारी बसावे, कळ वाचकाने दाबावी. ही मर्यादाही प्रशिक्षणातच यायला हवी, कारण चूक झाली तर गावात बोल त्यालाच लागणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो कर्मचाऱ्यांकडूनच येतो: पगाराचा पत्ता नाही आणि वर हे नवे ओझे. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच शिकण्याचे तास पगारी असावेत म्हणतो. पण ‘आधी वेतनश्रेणी, मग शिक्षण’ असा क्रम लावणे कर्मचाऱ्यांच्याच तोट्याचे आहे. ज्या ग्रंथालयाची यादी नेटवर दिसते, ज्याच्याकडे शेजारच्या गावाचा वाचक पुस्तक मागतो, त्याच्या ग्रंथपालाचे काम मोजता येते आणि मोजता येणाऱ्या कामाचा मोबदला ठामपणे मागता येतो. वह्यांत दडलेले काम तपासणीपुरतेच दिसते. तिसरा आक्षेप विजेचा आणि नेटचा. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आणण्याची योजना आहे, पण सेवा रोज चालेलच असे गृहीत धरता येत नाही. नोंदींचे काम मात्र संगणकावर नेटशिवाय करून ठेवता येते आणि नेट आले की चढवता येते. म्हणून न शिकण्यासाठी हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

आता बोलायचे ते ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्याशी. ग्रंथालय संचालनालयाने शिकण्याच्या तासांना अनुदानाच्या हिशेबात मान्य खर्च म्हणून जागा द्यावी. जिल्हा ग्रंथालय संघाने एक दिवसाच्या कार्यशाळेचा खर्च वाचवून तालुक्याला एक माणूस नेमावा, जो महिन्यातून एकदा प्रत्येक ग्रंथालयात जाऊन बसेल आणि मधल्या काळात फोन उचलेल. लेखकांच्या नावांची एक मराठी यादी राज्याने एकदाच करून सर्वांना द्यावी, प्रत्येक गावाने ना. घ. देशपांडे नव्याने लिहीत बसू नये. कार्यकारी मंडळांनी आठवड्यातले चार तास देवघेव बंद ठेवून ग्रंथपालाला शिकू द्यावे आणि दारावर तशी पाटी लावावी. वाचकांनी ती पाटी पाहून कुरकुर करू नये. आणि ग्रंथपालांनी पहिल्या महिन्यात आपल्याच तालुक्याच्या लेखकांचे एक कपाट घेऊन त्याच्या नोंदी युनिकोडमध्ये पुऱ्या कराव्यात. एका कपाटापासून सुरुवात करायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.