पर्यटक व्हिसावर परदेशात मोटरहोम विकत घेता येते का? नोंदणी, विमा आणि विक्रीचं गणित समजून घ्या

मोखाड्यातले आमचे एक सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहेत. मुलगी न्यूझीलंडमध्ये असते. यंदा भात, नागली, वरई घरात आली की सर आणि बाई चार महिने तिच्याकडे जाणार आहेत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अरे, तू इंजिनिअर ना, मग सांग. तिकडं झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी मिळते म्हणे. भाड्याचा हिशेब केला तर विकतच घेतलेली बरी. फिरून झालं की विकून टाकायची. पण आम्ही पडलो पाहुणे. आमच्या नावावर गाडी होईल का?"

निवृत्तीच्या पैशांचा प्रश्न असल्यामुळे 'होईल' एवढं सांगून फोन ठेवता आला नाही.

अडतं कुठे? पासपोर्टवर की पत्त्यावर?

बहुतेक देशांत परदेशी माणसाला गाडी विकत घ्यायला बंदी नाही. अडतं ते नोंदणीला, कारण नोंदणी पत्त्याला बांधलेली असते. जव्हारहून सिल्वासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'डीएन-०९' पाटीच्या गाड्या आपण रोज बघतो. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं की, मालकाचं घर किंवा धंदा जिथे आहे आणि गाडी जिथे एरवी उभी असते, त्या राज्यातल्या कार्यालयात नोंदणी करायची. दुसऱ्या राज्यात ती १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर कलम ४७ नुसार तिथला नंबर घ्यावा लागतो. मोखाडा आणि सिल्वासामध्ये हे, तर देशादेशांत काय असेल? त्यात मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. त्याला स्वतःचा पत्ताच नसतो.

ब्रिटनमध्ये नोंदणीपुस्तिका तिथल्या पत्त्यावरच येते. जर्मनीत राहण्याची नोंद नसेल तर कागदपत्रं स्वीकारणारा तिथला अधिकृत माणूस नेमावा लागतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. व्हरमाँट राज्य बाहेरच्यांनाही टपालाने नोंदणी देत असे, म्हणून जगभरच्या भटक्यांचं ते लाडकं होतं. २०२३ मध्ये ती वाट बंद झाली. जुने व्हिडिओ बघून बेत आखणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

न्यूझीलंडमध्ये काय करावं लागतं?

तिथे मात्र काम सोपं आहे. स्थानिक लायसन्स नसलेल्या खरेदीदाराने नोंदणी एजंटकडे 'एमआर१३बी' हा अर्ज भरायचा, ओळख म्हणून पासपोर्ट दाखवायचा आणि न्यूझीलंडमधला पत्ता द्यायचा. सरांना मुलीचा पत्ता आहेच. विकणारा आणि घेणारा, दोघांनीही व्यवहार कळवायचा असतो.

खरी मेख पुढे आहे. तिथल्या नोंदवहीत नाव लागणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे. नोंदवही फक्त सांगते की या गाडीला जबाबदार कोण. गाडीवर आधीच्या माणसाचं कर्ज असेल तर वित्तकंपनी ती तुमच्याकडून ओढून नेऊ शकते. त्यासाठी 'पीपीएसआर' नावाची सरकारी ऑनलाइन नोंदवही आहे. पैसे देण्याआधी गाडीचा नंबर त्यात तपासायचा. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा बघतो, तसंच.

डिझेल गाडी असेल तर रस्ता वापराचं शुल्क वेगळं, १,००० किलोमीटरच्या हप्त्यांत आगाऊ भरायचं. काचेवरच्या पट्टीवरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळवून बघा. आधीच्या माणसाने थकवलं असेल तर ते नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. गाडीची तंदुरुस्ती-तपासणी कधी झाली तेही बघायचं. ३,५०० किलोपर्यंतच्या गाडीला एक प्रमाणपत्र, त्यावर दुसरं आणि जास्त कडक. त्या प्रमाणपत्रात छतातून गळणारं पाणी मात्र दिसत नाही. मोखाड्याचा पाऊस बघितलेल्या माणसाला ओल कुठे शोधायची ते शिकवायला नको. गादीखालची फळी उचला, खिडकीच्या कोपऱ्यात अंगठा दाबून बघा.

विमा सक्तीचा नाही, हे वाचून मीही दचकलो. अपघातात माणसाला इजा झाली तर 'एसीसी' ही सरकारी योजना बघते. समोरच्याच्या गाडीचं नुकसान मात्र तुमच्या खिशातून. निदान तृतीयपक्ष विमा घ्याच, आणि चालक पर्यटक आहे हे कंपनीला आधी सांगा.

शौचालयाचा नियमही बघावा लागेल. २०२३ च्या कायद्यानंतर, सरकारी जागेवर जिथे फक्त स्वयंपूर्ण गाड्यांनाच मुक्कामाची मुभा आहे, तिथे गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय लागतं. सुट्या डब्यावर भागत नाही. हिरवं प्रमाणपत्र असलेली गाडीच बघावी.

पैसे कसे न्यायचे, आणि विकायची कधी?

रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. १० लाख रुपयांच्या पुढे बँक टीसीएस कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

सरांचा हिशेब चुकतो तो ऋतूत. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. कापणी उरकून सर पोचतील तेव्हा सगळेच गाड्या शोधत असतात. ते परततील तेव्हा थंडी जवळ आलेली, विकणारे जास्त आणि घेणारे कमी. महाग घ्यायची आणि स्वस्त विकायची, असा हा बेत आहे. शिवाय विमानाच्या तारखेआधी विकायची घाई. विक्री कळवायची राहिली तर पुढच्या माणसाचा दंड तुमच्या नावावर निघतो.

गाडी घरीच आणली तर?

"मग मोखाड्यालाच आणतो," सर हसत म्हणाले. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि सगळे कर मिळून किमतीच्या १०० टक्क्यांहून जास्त होतात. न्यूझीलंडची गाडी यातल्या स्टिअरिंगच्या अटीत बसते, एवढंच.

तात्पुरती फिरायला आणायची वाट वेगळी. परदेशी पर्यटक स्वतःची मोटरहोम 'कार्नेट' या सीमाशुल्काच्या हमीपत्रावर भारतात आणतात. ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीत नोंदणीपत्र, लायसन्स आणि विमा कायम हवा. कागद इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतर हवं. स्थानिक प्रवासी किंवा माल नेता येत नाही. त्यामुळे अशी गाडी कधी जव्हारच्या घाटात दिसली तर लिफ्ट मागू नका, तो बिचारा अडचणीत येईल.

सरांना मी दोन पर्याय दिले. मुलीने तिकडच्या जून-जुलैच्या थंडीत तिच्या नावावर गाडी घेऊन ठेवायची आणि सर असतानाच, जानेवारीत विकायची. नाहीतर तीन आठवडे भाड्याने घ्यायची आणि उरलेले दिवस मुलीकडे राहायचं. ते मुलीशी बोलून कळवणार आहेत. बाईंनी मागून विचारलं, "ते शौचालय रिकामं कोण करणार?" सर त्यावर काही बोलले नाहीत.