पादेलोणाच्या वासाची गोळी

बाटलीचं झाकण उघडलं की आधी वास येतो. पादेलोणाची पुडी सोडल्यावर येतो तसा, थोडा अधिकच उग्र. कारण दोन्हीकडे एकच, गंधक. गोळीचं नाव एन-ॲसिटिलसिस्टीन, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एनएसी’. हैदराबादेत कोठी भागातल्या एखाद्या मोठ्या औषध दुकानात विचारलं तर बहुधा पाण्यात फसफसणारी, ६०० मिलिग्रॅमची मिळते. अमेरिकेत १९६३ मध्ये तिला मान्यता मिळाली ती छातीतला चिकट कफ पातळ करणारं औषध म्हणून. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं तर यकृत वाचवायला आजही तीच देतात. अलीकडे तिला तिसरं काम लागलं आहे. केस उपटणाऱ्या किंवा कातडी, खपल्या ओरबाडणाऱ्या मुलांचे आईवडील ती ‘सप्लिमेंट’ म्हणून घरी आणू लागले आहेत.

हा त्रास ज्या घरात आहे तिथे वर्णन करून सांगावं लागत नाही. गृहपाठ करताना, टीव्हीसमोर, झोप लागेपर्यंत अंथरुणात पडल्यापडल्या हात डोक्याकडे जातो. बोटं चाचपत चाचपत एक केस निवडतात, बहुधा जाडसर, राठ, बाकीच्यांपेक्षा वेगळा लागणारा. तो उपटला जातो. काही मुलं तो ओठांवरून फिरवतात, मुळाशी असलेली पांढरी गाठ दातांनी तोडतात. क्षणभर बरं वाटतं आणि मग लाज वाटते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ मध्ये याला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव दिलं. कातडी ओरबाडण्याला मात्र स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत जागा मिळायला २०१३ उजाडलं. शंभरात एखाद-दोघांना केस उपटण्याचा त्रास असतो आणि तो बहुधा शाळेच्या वयातच सुरू होतो.

घरच्यांना पहिला संशय येतो चाईचा. मग लसूण चोळणं, कांद्याचा रस, तेल बदलणं. चाईत टक्कल गुळगुळीत असतं. इथे हात फिरवला तर कमीजास्त लांबीचे तुटके खुंट टोचतात, त्वचारोगतज्ज्ञाला ते भिंगाखाली लगेच कळतं. हैदराबादेत आणखी एक उपाय हाताशी आहे, तिरुमलेला नेऊन मुंडण. केसच नसले तर उपटणार काय, हे खरं. पण केस बोटभर वाढले की हात परत येतो, आणि मधल्या काळात कधीकधी बोटांना भुवया सापडलेल्या असतात.

मानसोपचाराचं नाव निघालं की या शहरात आधी एर्रागड्डा आठवतं. पुण्याकडे येरवडा म्हटल्यावर जे होतं तेच. तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेत चांगले डॉक्टर आहेत, पण गल्लीतली थट्टा त्यांच्या कितीतरी आधी कानावर पडलेली असते. ‘सप्लिमेंट’ हा शब्द त्यामुळेच इतका सोयीचा वाटतो. तो उच्चारला की आजार राहत नाही, काहीतरी कमी आहे एवढंच राहतं. माझ्या मते खरी गफलत इथेच आहे.

कमतरता आणि पूरक मात्रा म्हणजे काय, हे हैदराबादइतकं दुसऱ्या शहराला ठाऊक नसेल. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ मध्ये कुन्नूरहून इथे आली. मुलांचे डोळे अ जीवनसत्त्वाअभावी जात होते. दर सहा महिन्यांनी मोठी मात्रा पाजली तर ते वाचतात, हे याच संस्थेच्या कामातून पुढे आलं आणि १९७० मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. आज अंगणवाडीत चमच्याने दिलं जाणारं दोन लाख युनिटचं द्रावण त्याच परंपरेतलं. तिथे कमतरता होती, ती मोजता येत होती, भरून काढल्यावर फरक दिसत होता. एनएसी यातलं काहीच करत नाही. ती कुठली उणीव भरत नाही, ती औषधच आहे. मेंदूतल्या पेशींबाहेर ग्लुटामेट हे रसायन किती असावं, याच्याशी सिस्टीनचा संबंध आहे. ते प्रमाण ताळ्यावर आलं तर हात उचलायला लावणारी ऊर्मी मंदावेल, असा तर्क.

तर्काची परीक्षाही झाली आहे. २००९ मध्ये अमेरिकेत जॉन ग्रँट आणि सहकाऱ्यांनी केस उपटणाऱ्या ५० प्रौढांना बारा आठवडे एनएसी किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. एनएसी घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के बऱ्याच सुधारले, पोकळ गोळीवाले १६ टक्के. फरक ठळक व्हायला नऊ आठवडे लागले. २०१६ मध्ये कातडी ओरबाडणाऱ्या ६६ प्रौढांत हेच आकडे ४७ आणि १९ आले. आशा वाढावी असेच आकडे.

मग मुलं. २०१३ मध्ये मायकेल ब्लॉक यांच्या गटाने ८ ते १७ वयाच्या ३९ मुलांवर तोच प्रयोग केला. एनएसीवर सुधारली २५ टक्के, पोकळ गोळीवर २१. म्हणजे फरक नाहीच. गंमत अशी की दोन्ही गटांतली मुलं काही मोजमापांवर हळूहळू बरी होत होती, गोळी कोणतीही असो. कोणीतरी लक्ष देतंय, नोंद ठेवतंय, ओरडत नाहीये, यालाही काही किंमत असावी. इनॉसिटॉल नावाचं दुसरं पूरकही प्रौढांत तपासून झालं, २०१७ मध्ये. तेही पोकळ गोळीच्या पुढे गेलं नाही.

३९ हा आकडा लहान आहे, त्यावरून दार कायमचं बंद होत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ कधीकधी एनएसी लिहून देतात, कारण दुष्परिणाम सहसा मळमळ, जुलाब, डोकेदुखी इतपतच असतात. दमा असेल तर मात्र आधी सांगायला हवं. रक्ताची तपासणीही करून घ्यावी, कारण खरी कमतरता वेगळीच निघू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तेलंगणातली पाच वर्षांखालची ७० टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती, आणि माती, खडू, केस असं काहीबाही खाणाऱ्या मुलांत लोहाची कमतरता वारंवार सापडते.

समजा डॉक्टरांनी लिहून दिली. आता ती गिळायची कोणी? मूल म्हणतं ‘नक्को’, आणि घरात दुसरा झगडा उभा राहतो. आधीच दिवसभर ‘हात खाली!’ चालू असतं, त्यात ‘गोळी घेतलीस?’ची भर.

फसफसणारी गोळी अर्ध्या पेल्यात पूर्ण विरघळू द्यावी आणि लगेच प्यायला द्यावी. थंड पाण्यात वास कमी जाणवतो. ती तोंडात धरून चोखायची नसते. तिच्यात सोड्यामुळे सोडियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मुलाला ते चालेल का हे विचारायला हवं. कॅप्सूल फोडून दह्यात कालवली तर सगळं दही वास मारतं, मूल पुढे दह्यालाही हात लावत नाही. चोरून वरणात घालणं तर नकोच. ज्या मुलाचा स्वतःच्या हातावर ताबा राहिलेला नाही, त्याच्या ताटातही आपण शिरलो तर त्याच्याकडे उरलं काय?

कॅप्सूल गिळण्याची एक युक्ती जर्मनीत हायडेलबर्गला १५१ प्रौढांवर तपासली गेली, २०१४ मध्ये. आपण गोळी घेताना मान मागे टाकतो. गोळी जड असते, तिला ते चालून जातं. कॅप्सूल हलकी, पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली की ती घशाकडे जायच्या ऐवजी पुढे दातांकडे येते. पाण्याचा घोट तोंडात घेऊन हनुवटी छातीकडे झुकवली तर ती मागे सरकते आणि घोटाबरोबर जाते. दहापैकी जवळजवळ नऊ कॅप्सूल अशा सोप्या गेल्या. शाळकरी मुलांना आधी सराव देतात. साखर चढवलेली बडीशेप, मग संक्रांतीच्या हलव्याचा बारीक दाणा, मग त्याहून मोठा. मूल ताठ बसलेलं आणि मोठं माणूस समोर, एवढं मात्र हवंच. शाकाहारी घरांनी कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे का हे आधी विचारून घ्यावं. निम्मी बाटली संपल्यावर आजीला ते कळलं की गोळी मागे पडते आणि भलताच वाद सुरू होतो.

डबा मुलाच्या ताब्यात, रोज कुठल्या वेळी घ्यायची ते त्याने ठरवलेलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण त्याचीच. बारा आठवडे. सुरुवातीला आणि नंतर दर महिन्याला त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो, तोही त्याला विचारून. फरक नसेल तर डॉक्टरांशी बोलून बंद. ‘आणखी थोडी देऊन बघू’ म्हणत वर्षभर रेटायचं नाही.

आणि गोळी चालू असो वा नसो, मुलांत आधी करायचा उपाय दुसराच आहे. नेथन ॲझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये सवय मोडण्याची एक पद्धत मांडली. हात कधी, कुठे, कशानंतर वर जातो हे मुलाला स्वतःला टिपायला शिकवायचं आणि त्या क्षणी हाताला दुसरं काम द्यायचं, मूठ आवळून मिनिटभर धरणं वगैरे. २०११ मध्ये २४ मुलांवरच्या अभ्यासात अशी वर्तनोपचाराची पद्धत उपयोगी ठरली. हैदराबादेत समुपदेशक निवडताना ‘ही पद्धत तुम्ही मुलांबरोबर वापरली आहे का?’ हा एक प्रश्न पुरेसा आहे. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर फुकट आहे.

एक गोष्ट मात्र बारा आठवड्यांची वाट बघत नाही. काही मुलं उपटलेला केस गिळतात. केस पचत नाही. तो जठरात साठत जातो, त्याचा गोळा होतो, कधी त्याचं शेपूट आतड्यात उतरतं. १९६८ पासून डॉक्टर याला परीकथेतल्या लांब केसांच्या रापुंझेलचं नाव देतात. असा गोळा बहुधा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. म्हणून एकदा, ओरडण्याच्या सुरात नाही, इतर गप्पांच्या ओघात विचारावं, ‘उपटलेले केस कुठे टाकतेस गं?’ उत्तर टाळलं गेलं आणि जोडीला पोटदुखी, उलट्या, दोन घास खाऊन पोट भरणं किंवा वजन उतरणं असेल, तर निलोफरसारख्या मुलांच्या रुग्णालयात त्याच आठवड्यात न्यावं आणि केस गिळत असल्याचा संशय डॉक्टरांना आधी सांगावा. तो सांगितला नाही तर पोटदुखीचं कारण भलतीकडेच शोधलं जातं.