लांब पल्ल्याचा मोटारप्रवास : विघ्ने आणि माणसे

प्रवासास निघालेल्या माणसास निरोप देताना घरातील वडील मंडळी ‘सुखरूप जा’ असे म्हणतात. ‘वेळेवर जा’ असे कोणी म्हणत नाही. या दोन शब्दांतील भेद आपल्या वाडवडिलांस चांगला ठाऊक होता. आगगाडीला स्वतःची वाट तरी असते. मोटारीची गाठ घाट, पाऊस, धुके, गुरेढोरे आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाशी पडते. तेव्हा लांबच्या मोटारप्रवासात विघ्न यावयाचेच, असे धरून चालावे. मात्र तेच विघ्न पुढे गोड आठवण होऊन राहते, की एखाद्या घरावर घाला होऊन कोसळते, हे कशावर अवलंबून असते, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचे उंब्रज गाव या विचारास फार सोयीचे. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर ते वसले आहे, आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. तथापि उतारूंस ते ठाऊक असते ते रस्त्यांचे नाके म्हणून. पुणे-बेंगळुरू महामार्ग येथून जातो. पूर्वेस मसूरची वाट फुटते, पश्चिमेस चाफळची. आणि पाटणवरून कुंभार्ली घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाड्याही येथूनच वळतात. त्यामुळे गाडी चुकलेला, गाडी बिघडलेला आणि गाडीने मागे टाकलेला असा तिन्ही प्रकारचा प्रवासी आमच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे.

आमच्या वडिलांच्या तरुणपणी खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. मोटार सुटण्याची वेळ घड्याळावर नसे, ती भरण्यावर असे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी आल्या. चढ लागला की त्या दमत, आणि पैसे मोजून बसलेल्या उतारूंनी खाली उतरून त्यांस हातभार लावावा लागे, असे वडील हसत हसत सांगत. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली, आणि वेळापत्रक, ठरलेले भाडे आणि जबाबदार कंडक्टर या तीन गोष्टी हळूहळू खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचल्या. या तिहींत कंडक्टरचे मोल आम्हांस सर्वांत अधिक वाटते. गाडीत माणसे किती, हे मोजणारा एक तरी मनुष्य तेव्हापासून गाडीत असू लागला.

अर्थात मोजणाराही क्वचित चुकतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ सहकुटुंब कोल्हापुरास निघाले असता वाटेतल्या थांब्यावर चहास उतरले. चहा गरम, गृहस्थ सावकाश. तेवढ्यात घंटी दोनदा वाजली आणि गाडी पत्नी, दोन मुले व ट्रंकेसह निघून गेली. मागून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने त्यांस पुढे बसवून कऱ्हाडास आणले. तेथे पाहतात तो पत्नी ट्रंकेवर शांत बसून मुलांस केळी सोलून देत आहे. ‘पाठीमागून गाडी होती, आणि तुमच्याजवळ पैसे होते, मग घाबरायचे कशाला?’ एवढेच ती माउली म्हणाली. त्या घरात आजही कोणी चहास उशीर लावला की हीच कथा निघते.

दुसरा प्रसंग आम्ही स्वतः अनुभवलेला. त्यास सुमारे चाळीस वर्षे झाली. श्रावणातल्या एका संध्याकाळी चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात दरड कोसळली होती. दगडमातीच्या कडेने एक गाडी निघेल एवढी वाट दिसत होती. दोघा तरुणांची दुसऱ्या दिवशी नोकरीची मुलाखत होती. गाडी काढा, असा त्यांनी आग्रह धरला, आणि आणखी चौघांनी त्यांस साथ दिली. ड्रायव्हर वयस्कर होता. त्याने गाडी मागे घेऊन चाकांखाली दगड लावले आणि म्हणाला, ‘मुलाखत परत येईल, बाळांनो.’ अर्ध्या तासाने त्याच जागी वरून दुसरा लोंढा आला, आणि ती वाट बुजून गेली. त्यानंतर कोणी बोलले नाही.

रात्र गाडीतच काढावी लागली. आमच्या आळीतल्या एक वृद्ध आजी सोबत होत्या. सोवळे कडक, बाहेरचे पाणीही त्यांस चालत नसे. शेजारच्या बाकावरील एका शेतकरी बाईने भाकरी आणि लसणीची चटणी सोडली, आणि ‘आई, लेकीच्या हातची समजा,’ असे म्हणून अर्धी पुढे केली. आजी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी ती घेतली, आणि आपल्या डब्यातले राजगिऱ्याचे दोन लाडू त्या बाईच्या मुलाच्या हातावर ठेवले. पुढे आजींनी सोवळे सोडले असे मुळीच नाही. परंतु ‘घाटातली माझी लेक’ हा उल्लेख त्यांच्या तोंडी अखेरपर्यंत राहिला.

आता दुसरी बाजू पाहू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानीतला पूल पुरात कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे नाशिकजवळ यवतमाळहून मुंबईस निघालेली खासगी शयनगाडी टकरीनंतर पेटली. १२ जणांचे प्राण गेले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्यास जाणारी गाडी उलटून पेटली. दाराची बाजूच खाली आली होती. २५ उतारू आत अडकून मृत्यू पावले, आणि काचा फोडून बाहेर पडता आले ते थोडेच वाचले.

सावित्रीच्या पुलावर उतारूंच्या हाती काही नव्हते; तेथे पुलाची निगा हीच एक तरणोपाय होती. उरलेल्या दोन घटनांत मात्र प्रत्येक कुटुंबाने शिकण्याजोगे काही आहे. शयनगाडीत पडदा ओढून घेतला की झोप चांगली लागते, यात संशय नाही. परंतु शेजारी कोण आहे, दार कोणीकडे आहे, काच फोडण्याची हातोडी कोठे टांगली आहे, हे ठाऊक नसताना लागलेली झोप महाग पडू शकते. एस. टी.त ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ अशी अक्षरे आपण शेकडो वेळा वाचली. तो मार्ग उघडतो कसा, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

म्हणून आमची घरोघरच्या वडील मंडळींस विनंती आहे. मुले-नातवंडे रात्रीच्या गाडीने जावयाची असतील, तर बसल्याबरोबर संकटकाळचा मार्ग, खिडकी आणि हातोडी पाहून ठेवण्याची सवय त्यांस लावावी. सामान वाटेत अथवा दारात रचू देऊ नये. पेंगणारा किंवा फोनवर बोलणारा ड्रायव्हर दिसल्यास चौघांनी मिळून त्यास थांबवावे. यात संकोच कसला? आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘अजून कसे पोहोचला नाहीत?’ असा फोन वारंवार करू नये. घरच्या घाईचे ओझे ड्रायव्हरच्या पायावर पडते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोली येथे हाच महामार्ग पाण्याखाली गेला, आणि वाहतूक कित्येक दिवस अडून राहिली. तेव्हा महामार्गाकाठच्या गावांनी अडकलेल्या अनोळखी माणसांस जेवू घातले. रस्ते रुंद झाले, खंबाटकीस बोगदा झाला, गाड्यांत गारवा आला. तरी पाऊस रस्ता अडवावयाचा तेव्हा अडवितोच. अशा वेळी उपयोगी पडतात ती जवळची माणसे आणि शिदोरी. तेव्हा प्रवासाचा डबा भरताना दशम्या मोजून न घालता दोन अधिक घालाव्यात, आणि शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, याची आपणहून विचारपूस करावी.