हलका ट्रेलर, जड गैरसमज

आत दोघांना झोपण्यापुरती जागा, मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा, आणि सगळा डोलारा साध्या मोटारीमागे ओढता येईल इतका हलका. थेंबाच्या आकाराचा असा ‘टीअरड्रॉप’ कॅम्पिंग ट्रेलर अमेरिकेतले हौशी लोक १९३०च्या दशकापासून घरच्या घरी बनवत आले आहेत. १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने त्याचा आराखडाच छापला. त्याचे रूढ मापही सुताराच्या सोयीचे आहे: चार फूट रुंद आणि आठ फूट लांब, म्हणजे प्लायवूडच्या एका अख्ख्या शीटएवढे. अलीकडे प्लायची जागा फोम, सुती कापड आणि रंग घेऊ लागले आहेत, त्यामुळे वजन आणखी उतरले आहे. तिकडे राहणारी मराठी मंडळीही गॅरेजमध्ये हा उद्योग करू पाहतात आणि इकडे पुण्या-नाशिकला त्याचे व्हिडिओ पाहून अनेकांचे हात शिवशिवतात. मात्र ‘हलका’ म्हणजे नेमके काय, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. काही पैसे वाया घालवतात, तर काही जिवावर बेततात.

गैरसमज १: हलका म्हणजे कमकुवत, मजबुती हवी तर जाड प्लायच लावावा.

वस्तुस्थिती: पत्र्याचा किंवा फळीचा ताठपणा वजनावर कमी आणि बाहेरचे दोन थर एकमेकांपासून किती दूर आहेत त्यावर जास्त अवलंबून असतो. हिशेबच मांडू. चार बाय आठचे १८ मिलिमीटर जाडीचे प्लायचे शीट साधारण ३२ किलो भरते. त्याऐवजी मध्ये २५ मिलिमीटर फोम आणि दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरचा पातळ प्लाय चिकटवला, तर गोंदासकट वजन १३ ते १५ किलोवर येते. यात फोमचा वाटा जेमतेम दोन-अडीच किलो. तरीही कागदावर हा पॅनेल भरीव प्लायच्या दुपटीहून अधिक ताठ ठरतो. फोम थोडा सरकतो-दबतो, म्हणून प्रत्यक्षातला फरक काहीसा कमी असतो, पण पारडे फोमकडेच झुकते.

ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश लढाऊ विमानाचे धड बाल्सासारखे हलके लाकूड मध्ये आणि बर्चचा प्लाय दोन्ही बाजूंना, असेच बांधलेले होते.

असा पॅनेल फसतो तो एकाच जागी जोर येतो तिथे. फोममध्ये स्क्रू धरत नाही. बिजागरी, दाराची कडी, छतावरचा पंखा, चासीला जोडणारे बोल्ट या प्रत्येक ठिकाणी फोम कोरून लाकडी ठोकळा आधीच बसवावा लागतो. भिंत बंद झाल्यावर ही आठवण झाली तर उपयोग नसतो.

गैरसमज २: फोम सगळे सारखेच, गोंदही कुठलाही चालतो.

वस्तुस्थिती: पांढरा, मणी-मणी दिसणारा थर्मोकोल आणि बांधकामासाठी मिळणारा निळा किंवा गुलाबी फोम ही दोन्ही पॉलिस्टायरीनचीच रूपे आहेत, पण बांधणी वेगळी. थर्मोकोलच्या मण्यांमधल्या फटींतून पाणी शिरू शकते. दुसरा, एक्सपीएस नावाने मिळणारा फोम बंद पेशींचा असल्यामुळे पाणी फारच कमी धरतो आणि दाबालाही जास्त टिकतो.

दोघांचे शत्रू मात्र तेच. फायबरग्लासच्या कामात सर्रास वापरले जाणारे पॉलिस्टर रेझिन पॉलिस्टायरीनला अक्षरशः विरघळवते. ॲसिटोन, पेट्रोल, काही प्रकारचे स्प्रेरंग आणि द्रावक असलेले कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह यांनीही तेच होते. इपॉक्सी चालते. त्याहून स्वस्त रीत म्हणजे फोमवर जाड सुती कापड पाण्याला दाद न देणाऱ्या सुतारी गोंदाने चिकटवायचे आणि वर घराला बाहेरून देतात त्या रंगाचे हात द्यायचे. कापड ताण घेते, गोंद ते फोमला धरून ठेवतो आणि रंग ऊन-पाऊस अडवतो. लाकडी होड्यांवर कॅनव्हास ताणून रंगवण्याची पद्धत याच जातीची आहे. या कामातले गोंद पावसाला टिकतात, पण सतत पाण्यात बुडून राहण्यासाठी ते नसतात. म्हणून छतावर पाणी साचेल असा सपाट खळगा ठेवू नये आणि रंगाचा थर दर काही वर्षांनी ताजा करावा. उघडा राहिलेला फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होऊ लागतो.

आगीची गोष्टही विसरू नये. पॉलिस्टायरीन उष्णतेने लवकर मऊ पडते आणि पेटले तर काळाकुट्ट, विषारी धूर सोडते. आतल्या बाजूने त्यावर प्लायचे अस्तर हवेच, आणि झोपताना हाताला येईल अशी अग्निशामक नळकांडी व दोन्ही बाजूंना दारे असलेली बरी.

गैरसमज ३: सगळ्या फटी बुजवून ट्रेलर हवाबंद केला की ओल येणार नाही.

वस्तुस्थिती: ओल बाहेरूनच येते असे नाही. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. इवल्याशा खोलीत ते थंड खिडकीवर आणि उघड्या ॲल्युमिनियमवर थेंब होऊन बसते, गादीखाली मुरते आणि पंधरा दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. उपाय साधा आहे: खालच्या बाजूला हवा आत येण्याची एक झडप आणि छतात ती बाहेर फेकणारा छोटा पंखा. गादीखाली लाकडी पट्ट्यांचा चौथरा ठेवला तर तिलाही हवा लागते. पावसाचे पाणी अडवायचे ते सांध्यांवर आणि स्क्रूच्या भोकांवर; आतल्या हवेची वाट अडवायची नाही.

गैरसमज ४: थंडीत आतच शेगडी लावली तर चहाही होईल आणि ऊबही मिळेल.

वस्तुस्थिती: टीअरड्रॉपचा ओटा मागच्या झाकणाखाली, झोपायच्या खोलीच्या बाहेर असतो. जागेची सोय हे त्याचे एक कारण. स्वयंपाक उघड्या हवेत होतो हा त्याचा मोठा फायदा. जळणाला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. कोळशाची शेगडी तर विझत आल्यावरही तो सोडत राहते. दोन-तीन घनमीटरच्या खोलीत त्याला पसरायला वेळ लागत नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावावा, आणि तो लावला म्हणून आत शेगडी लावायची मुभा मिळाली असे मानू नये.

गैरसमज ५: मोटारीच्या हुकवर जितके कमी वजन येईल तितके चांगले.

वस्तुस्थिती: या यादीतला सर्वांत घातक समज हाच. मोटारीचा मागचा भाग दबू नये म्हणून लोक ट्रेलरचे सामान मागे सरकवतात. वजन आसाच्या मागे गेले की वेगात ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे हलू लागते, दर झोक्याला जोर वाढतो आणि शेवटी ट्रेलरच मोटारीला ओढून नेतो. अमेरिकेत रूढ नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या बॉलवर यावा. ४०० किलोच्या ट्रेलरसाठी ४० ते ६० किलो. एवढा भार घरातल्या वजनकाट्यावर मोजता येतो: ट्रेलर सपाट जमिनीवर, जोडणीचा पुढचा दांडा नेहमीच्या उंचीवर आणि त्याखाली ठोकळा ठेवून काटा.

टीअरड्रॉपमध्ये ही गोष्ट जास्तच सांभाळावी लागते, कारण बर्फाची पेटी, पाणी, भांडी हे सगळे मागच्या ओट्यात असते. त्यामुळे बॅटरी आणि अवजारांची पेटी पुढे दांड्यावर बसवतात, आणि आस मधोमध न ठेवता थोडा मागे घेतात. तरीही ट्रेलर झुलू लागलाच, तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नये आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. हात स्थिर ठेवून वेग हळूहळू उतरू द्यावा, मग थांबून सामान पुढे घ्यावे.

गैरसमज ६: थेंबाचा आकार आणि हलके वजन, म्हणजे पेट्रोलवर काहीच परिणाम नाही.

वस्तुस्थिती: हलकेपणाचा फायदा घाटात आणि थांबून पुन्हा निघताना मिळतो. सरळ महामार्गावर मात्र खरा विरोध हवेचा असतो, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलात की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. शिवाय हा आकार थेंबाचा दिसतो तो फक्त बाजूने. भिंती सपाट आणि कडा टोकदारच असतात. ट्रेलर कमी इंधन खातो तो मुख्यतः ठेंगणा आणि अरुंद असल्यामुळे, मोटारीच्या आडोशाने चालल्यामुळे. उभे राहता यावे म्हणून छत दोन फूट वर नेले, तर फोमने वाचवलेले किलो हवा वसूल करते. इंधन वाचवण्याचा बिनखर्ची उपाय म्हणजे वेग आवरणे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही कायद्याचीच मर्यादा आहे.

गैरसमज ७: बांधून झाला तेव्हा वजन केले होते, तेच त्याचे वजन.

वस्तुस्थिती: ते रिकाम्या ट्रेलरचे वजन. प्रवासाला निघणारा ट्रेलर वेगळाच असतो. ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. तिकडचे नेहमीचे २० पौंडी प्रोपेन सिलिंडर भरलेले असेल तर १७ किलोच्या आसपास. शंभर अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी जवळपास ३० किलो, तर तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याच्या निम्म्याहून कमी. गादी, खुर्च्या, डबे, कपडे वेगळेच. भिंतीतून काढलेले शंभर किलो सामानाच्या रूपाने सहज परत येतात. पाणी मुक्कामाच्या जवळ भरणे ही सर्वांत स्वस्त वजनकपात.

मोटारीची ओढण्याची मर्यादाही मालकाच्या पुस्तिकेतच पाहावी. एकाच नावाच्या मॉडेलची मर्यादा देशागणिक वेगळी असू शकते. परदेशातल्या व्हिडिओतला आकडा आपल्या गाडीला लावू नये.

गैरसमज ८: एवढ्याशा ट्रेलरला चाके, साखळ्या, दिव्यांचे काय कौतुक?

वस्तुस्थिती: भिंत कमकुवत असली तर तडा जातो, चाक कमकुवत असले तर रस्त्यावरचा दुसरा माणूसही सापडतो. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते, त्यामुळे बेअरिंग जास्त तापतात. त्यांना वेळेवर ग्रीस हवे. टायरवर भाराची आणि हवेच्या दाबाची मर्यादा लिहिलेली असते. नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षे उभ्या ट्रेलरचे टायर म्हातारे होतात. नव्या चाकांचे नट पहिल्या काही किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

जोडणीत एक छुपा धोका आहे. अमेरिकेत बॉलची १ ७/८ इंच आणि २ इंच ही मापे दिसायला जवळजवळ सारखी. दांड्याच्या टोकाचा दोन इंची कप लहान बॉलवर बसतो, बंदही होतो आणि एखाद्या खड्ड्यात उडून सुटतो. अशा वेळी दांडा जमिनीत रुतू नये म्हणून सुरक्षा-साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या बांधतात. दांडा त्यांच्या झोळीत पडतो. दिवे लुकलुकत असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थची तार तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच, रंगावर किंवा गंजावर बसवलेल्या स्क्रूत असतो.

गैरसमज ९: घरी बनवला, तर कागदपत्रे कशाला?

वस्तुस्थिती: अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात, पण घरी बनवलेल्या ट्रेलरची नोंदणी करण्याची रीत तिथे रुळलेली आहे. राज्याचा वाहन विभाग त्याला ओळख क्रमांक देतो आणि त्यासाठी बहुधा सामानाच्या पावत्या, वजनाचा दाखला, कुठे प्रत्यक्ष तपासणी मागतो. म्हणून पहिल्या बोल्टपासून पावत्या जपाव्यात.

भारतात वाट अवघड आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो आणि नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. महाराष्ट्राच्या २०२१च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणामुळे घरगुती ट्रेलरला यातून सूट मिळत नाही. तेव्हा पहिली करवत चालवण्याआधी आरटीओत चौकशी करा. नाही जमले, तर हीच फोम-कापडाची कारागिरी शेतावरच्या झोपण्याच्या खोलीसाठी वापरता येते. तिला नंबरप्लेट लागत नाही.

वजन भिंतीतून, छतातून आणि सामानातून जितके काढता येईल तितके काढा. आस, टायर, जोडणी आणि साखळ्या यांच्यातून एक ग्रॅमही काढू नका. आणि पहिल्या सहलीला निघण्यापूर्वी पाणी, गादी, डबे सगळे भरून ट्रेलर एकदा वाहनांच्या वजनकाट्यावर उभा करा. अंदाजाने बांधलेला ट्रेलर किती हलका झाला, हे तिथेच कळते.